परदेशी नोकरी आणि परतीची शिदोरी

नोकरीचा करार हाती पडला की आपल्या घरांतून केवढी धांदल उडते! पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, प्रमाणपत्रांवरचे शिक्के, कपड्यांची खरेदी, चकल्या-लाडवांचे डबे, लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून तिच्याभोवती गुंडाळलेले जुने टॉवेल. मुलगा वा जावई कुवेतला निघालेला असो, मस्कतला असो की तारवावर, जाण्याची तयारी आपण काटेकोर करतो. ‘एका रात्रीत परतावे लागले तर?’ हा प्रश्न मात्र कोणी ओठांवर आणीत नाही. शुभवेळी अशुभ कशाला बोलावे, हा आपला पिढीजात संकोच. गोव्यात, हैदराबादेत, बडोद्यात, अलीकडे बेळगाव भागातही अशा कुटुंबांची संख्या लहान नाही. आणि म्हणूनच हा संकोच थोडा बाजूस ठेवून या विषयाकडे पाहणे अगत्याचे वाटते.

या बाबतीत आपल्या पिढीला सर्वांत मोठा धडा मिळाला तो कुवेतमध्ये. २ ऑगस्ट १९९० चा तो गुरुवार होता. शुक्रवारची सुटी तोंडावर आली होती. पहाटे इराकी फौजा सरहद्द ओलांडून आत शिरल्या आणि दिवस मावळण्यापूर्वी राजधानी त्यांच्या ताब्यात गेली. त्या देशात तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीय होते: बँकांतले अधिकारी, शिक्षक, परिचारिका, गवंडी, वाहनचालक, घरकामाच्या बाया. त्यांतील कित्येकांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात होते आणि मालक देश सोडून गेलेला. विमानतळ पहिल्याच दिवशी बंद झाला. तोपर्यंत ज्या कुवेती दिनाराला तीन डॉलरहून अधिक भाव येई, तो इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरविण्यात आला आणि पुढे तर चलनातूनच बाद करण्यात आला. बारा-पंधरा वर्षे राबून साठविलेली पुंजी डोळ्यांदेखत कागद झाली. काल ज्यांच्या दारात मोटार उभी होती, ते आज त्या मोटारीत पेट्रोल कोठून भरावे याच्या विवंचनेत पडले.

त्या वेळी भारत सरकारने हातपाय गाळले नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल स्वतः बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले. त्या भेटीतील आलिंगनाच्या छायाचित्रावरून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण आपल्या माणसांची वाट मोकळी करून घ्यायची असेल तर ज्याच्या हाती कुलूप आहे त्याच्याशीच बोलावे लागते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वाट मोकळी झाली ती मात्र सरळ नव्हती. कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, तेथून वाळवंट तुडवीत जॉर्डनची सरहद्द आणि मग अम्मान असा दीड हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, तोही ऑगस्ट महिन्याच्या भर उन्हात. सरहद्दीवरच्या तंबूंतून अनेक देशांची माणसे पाण्याच्या टाकीकडे डोळे लावून बसलेली. अम्मानहून एअर इंडियाची विमाने माणसे उचलून मुंबईस आणू लागली. १३ ऑगस्टपासून ११ ऑक्टोबरपर्यंत ४८८ उड्डाणे झाली आणि १ लक्ष ११ हजारांहून अधिक भारतीय परत आले. नागरी विमानांनी केलेली एवढी मोठी सुटका जगात दुसरी नाही.

या विषयावर २०१६ साली ‘एअरलिफ्ट’ नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात सारे श्रेय एका नायकाच्या पदरात पडले आणि सरकारी यंत्रणा निद्रिस्त दाखविली गेली. परराष्ट्र मंत्रालयाने त्याविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली, ती रास्तच होती. मात्र कुवेतमधल्या भारतीयांनी आपल्यापैकी काही जाणत्यांच्या पुढाकाराने समिती उभारून माणसांना निवारा दिला, बसगाड्या मिळविल्या, हेही तितकेच खरे. ‘टोयोटा सनी’ या नावाने ओळखले जाणारे मथुनी मॅथ्यूज आणि हरभजनसिंग वेदी ही त्यांतील प्रमुख नावे. विमान अम्मानला उभे होते. पण अम्मानपर्यंत पोहोचायचे कसे, हा प्रश्न दिल्लीत बसून सुटणारा नव्हता. तो तेथल्या तेथे, ओळखीपाळखीने सोडवावा लागला.

यातून पहिली गोष्ट ध्यानी येते ती अशी की संकट आले म्हणजे विमानतळ हा सर्वांत आधी बंद होणारा दरवाजा असतो. नंतरच्या घटनांनी हेच पुन:पुन्हा दाखविले. २०११ साली लिबियात यादवी पेटली तेव्हा पंधरा हजारांवर भारतीय परतले, त्यांतील बरेच बेनगाझीहून जहाजाने अलेक्झांड्रियास गेले. २०१५ मध्ये येमेनचे आकाश बंद झाले, तेव्हा ‘सुमित्रा’ ही नौदलाची युद्धनौका एडनला लागली आणि माणसे समुद्रापलीकडे जिबूतीला नेण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात दोन सेनापतींची जुंपली, तेव्हा खार्टूमच्या लोकांना आठशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता बसने कापून पोर्ट सुदान गाठावे लागले आणि तेथून जेद्दा. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण युद्धाच्या दिवसांत इराणमधील आपले पहिले विद्यार्थी निघाले ते मोटारीने, आर्मेनियाच्या वाटेने. सारांश, नकाशा उघडून ‘विमान नसेल तर कोठून?’ एवढे एकदा पाहून ठेवणाऱ्याचे अर्धे काम झालेले असते.

कंपनीची यादी आणि यादीबाहेरची माणसे

परदेशात माणसे नेणाऱ्या चांगल्या कंपन्या अशा प्रसंगाची योजना आधीच लिहून ठेवतात. ती पायऱ्यापायऱ्यांची असते. पहिल्या पायरीवर केवळ सावधगिरी: कोण कोठे राहतो याच्या याद्या तपासणे, पासपोर्टांच्या मुदती पाहणे, पाणी, औषधे व इंधन साठविणे. दुसऱ्या पायरीवर बायका-मुले आणि ज्यांच्यावाचून काम अडत नाही अशी मंडळी नेहमीच्या प्रवासी विमानांनी, गाजावाजा न करता, घरी धाडली जातात. तिसऱ्या पायरीवर काम बंद आणि सर्वांची रवानगी. चौथी पायरी म्हणजे निघण्याची वेळ टळून गेली. आता आहे तेथेच दार लावून, खिडक्यांपासून दूर बसायचे. खार्टूममध्ये पहिल्याच दिवसांत एका भारतीय कर्मचाऱ्याचा बळी गेला तो राहत्या घरात, भरकटलेल्या गोळीने.

पायऱ्या आखणे सोपे. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर केव्हा जायचे, हे ठरविणे अवघड. म्हणून प्रत्येक पायरीची खूण आधीच ठरलेली हवी. परदेशी विमान कंपन्यांनी फेऱ्या रद्द केल्या, अमुक हमरस्ता बंद झाला, दूतावासाने आपली कुटुंबे हलविली, यांपैकी काही घडले की पुढची पायरी, असे लेखी असले म्हणजे ऐन वेळी व्यवस्थापकास साहेबाच्या तारेची वा संदेशाची वाट पाहत बसावे लागत नाही. लवकर निघणारा फार तर एका तिकिटाचे पैसे गमावतो. युक्रेनमध्ये आपल्या दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी विद्यार्थ्यांना तात्पुरते परतण्याचा सल्ला दिला होता. वर्ग चालू होते, तिकिटे महाग होती, म्हणून हजारो थांबले. २४ तारखेस युद्ध सुरू झाले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कर्ज काढून गेलेला माणूस, मग तो विद्यार्थी असो की गवंडी, शेवटच्या क्षणापर्यंत थांबूनच पाहणार. परंतु हे आधी ठाऊक असल्यामुळेच नियम आधी ठरवायचा असतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतो. कंपनीची योजना कितीही चोख असली तरी ती यादीतल्या माणसांपुरती असते. आणि यादीत कोण? अभियंता असतो, हिशेबनीस असतो. त्याच कारखान्यात कंत्राटदाराच्या मार्फत आलेला जोडारी, फॅब्रिकेटर, सफाई कामगार, भटारखान्यातला माणूस, हा कोणाच्या यादीत? कारखान्याचा मालक म्हणतो, तो कंत्राटदाराचा. आणि कंत्राटदाराच्या कचेरीला कुलूप. लिबियातून चीनने आपल्या प्रकल्पांवरची पस्तीस हजारांवर माणसे थोड्या दिवसांत बाहेर काढली, कारण ती मोठ्या कंपन्यांच्या हजेरीपटावर होती. त्याच वेळी अनेक गरीब देशांचे मजूर ट्युनिसियाच्या व इजिप्तच्या सरहद्दीवर गाठोडी घेऊन आठवडेच्या आठवडे पडून राहिले.

ज्याला मालकच नाही त्याची तऱ्हा आणखी निराळी. सुदानमध्ये २०२३ साली कर्नाटकातील हक्कीपिक्की जमातीची काही कुटुंबे अडकली होती. ही भटकी मंडळी वनौषधी व केसांची तेले विकत देशोदेशी फिरतात. त्यांच्यासाठी ना कंपनी, ना कंत्राटदार, ना हजेरीपट. त्यांच्या व्हिडिओंवरून आणि गावाकडच्या ओरड्यावरून ती कोठे आहेत हे कळले. अशा माणसांना एकच यादी उपलब्ध असते, ती दूतावासाची. तेथे नाव नोंदविण्यास काही मोल पडत नाही. तरीही आपले लोक ‘उगाच सरकारदरबारी कशाला’ म्हणून ते टाळतात.

म्हणून नोकरी स्वीकारताना, पगार किती आणि राहण्याची सोय काय हे विचारून झाले की आणखी दोन-तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. परतीचे भाडे कोणाकडे, आणि ते करारात लिहिलेले आहे काय? संकटकाळच्या यादीत माझे नाव कंपनी घालणार की कंत्राटदार? आणि माझा पासपोर्ट कोणाजवळ राहणार?

या शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आपल्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट हा सदैव भारत सरकारच्या मालकीचा असतो. तो आपलाही नसतो, मग मालकाचा कोठून असणार? आखाती देशांतूनही तो काढून घेण्यास आता कायद्याने बंदी आहे. प्रत्यक्षात ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून तो घेतलाच जातो. तो हाती नसताना निघण्याची वेळ आलीच तर दूतावास एका बाजूच्या प्रवासापुरते आणीबाणीचे प्रमाणपत्र देतो. त्यासाठी आपण भारतीय असल्याचा काही पुरावा लागतो, आणि जुन्या पासपोर्टाची छायाप्रत हा त्यांतला सर्वांत चांगला.

पासपोर्ट जवळ असला तरी काही देशांत निर्गमन-परवान्याची अट असते. कतारने ती २०१८ आणि २०२० मध्ये बहुतेकांसाठी रद्द केली, सौदी अरेबियाने २०२१ मध्ये बरीच सैल केली. उलट कुवेतमध्ये १ जुलै २०२५ पासून खासगी नोकरीतील परदेशीयांना देश सोडण्यापूर्वी मालकाच्या संमतीचा परवाना घेणे आवश्यक करण्यात आले. नियम असे मागे-पुढे होतात. घरी सुटीवर आलेल्या माणसाला त्याच्या देशात आज काय चालू आहे, हे एकदा विचारून घ्यावे.

तारवट्यांची गोष्ट वेगळी

गोव्यातल्या वाचकांना आगबोटीवरची नोकरी मी समजावून सांगण्याची गरज नाही. पण एक बदल अजून पुष्कळ घरांत ठाऊक नसतो. सागरी कामगारविषयक आंतरराष्ट्रीय करार २००६ चा. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या त्याच्या दुरुस्तीनुसार जहाजमालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले तर त्यांच्या परतीचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचे थकलेले वेतन देणारी आर्थिक हमी प्रत्येक जहाजावर असलीच पाहिजे, आणि तिचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावलेले असले पाहिजे. दोन महिने वेतन मिळाले नाही, तर तेही ‘वाऱ्यावर सोडणे’ या व्याख्येत येते. शिवाय कित्येक सामुदायिक करारांत, युद्धप्रवण ठरविलेल्या पाण्यात जाण्यास नकार देऊन कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क खलाशाला दिलेला असतो. मुलगा पहिल्यांदा तारवावर चढत असेल तर ते प्रमाणपत्र कोठे लावले आहे, हे त्याने पहिल्या आठवड्यातच पाहून घ्यावे.

घरच्यांचे काम

योजनेचा अर्धा भाग परदेशी असतो, अर्धा आपल्या घरच्या कपाटात. हा दुसरा भाग बहुधा गृहिणींच्या हाती असतो आणि त्या तो पुरुषांपेक्षा अधिक नेटकेपणाने करतात, असा अनुभव आहे. एक जाड लिफाफा करावा. त्यात पासपोर्ट, व्हिसा व नोकरीच्या कराराच्या प्रती, त्या देशातील ओळखपत्राचा क्रमांक, राहत्या जागेचा पत्ता (केवळ टपालपेटीचा क्रमांक नव्हे), वरिष्ठांचे नाव, दूतावासाचा पत्ता, रक्तगट, नेहमीची औषधे. आणि खोलीत राहणाऱ्या एका सोबत्याचे नाव व त्याच्या घरचा दूरध्वनी, मग ते घर केरळात असो की नेपाळात. आपल्या माणसाचा फोन लागत नसला तर सोबत्याच्या घरी बातमी आलेली असते. दर दिवाळीला हा लिफाफा उघडून जुने कागद बदलावेत.

अशा दिवसांत घरातील एकानेच बोलावे. आई, भाऊ, मेहुणा आणि मामा असे चौघे चार वेळा फोन करू लागले की तिकडे बिचाऱ्याच्या फोनची वीज संपते. ठरल्या वेळी रोज एक छोटा संदेश: ‘ठीक आहे, जागेवरच आहे’ किंवा ‘निघालो, अमुक रस्त्याने’. एवढे पुरे. २०११ साली लिबियात इंटरनेट बंद पाडण्यात आले, २०२५ मध्ये इराणमध्येही काही दिवस तेच झाले. तेव्हा एखादा दिवस संदेश आला नाही म्हणजे अनर्थ झाला असे नव्हे, हे म्हाताऱ्या माणसांना आधीच समजावून सांगणे बरे.

आणि तिकडच्या माणसाजवळ काय असावे? मोठी बॅग नकोच. पळताना ती टाकूनच द्यावी लागते. पासपोर्ट, डॉलरच्या लहान नोटा, चष्मा, पंधरा दिवसांची औषधे, पाणी, सुका खाऊ, साखर-मिठाच्या पुड्या. पदवीची मूळ प्रमाणपत्रे शक्य तो घरीच असावीत. परिचारिका होऊन गेलेल्या मुलींनी तर विशेषच, कारण दुसरी नोकरी त्याच कागदांवर मिळायची असते.

विम्याविषयी लोकांचा पुष्कळ गैरसमज असतो. सर्वसाधारण प्रवासी विम्यांतून युद्धाने झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते; ते कलम बारीक अक्षरात असते, पण असते. दहावीपेक्षा कमी शिकलेल्या व ठराविक देशांत जाणाऱ्या कामगारांना ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ सक्तीची आहे. तीत अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लक्ष रुपये मिळतात, आणि वर्गणी दोन वर्षांस २७५ व तीन वर्षांस ३७५ रुपये, कर वेगळा. पैसे भरलेले असूनही विम्याचा कागद घरी कोणी पाहिलेला नसतो. तो त्याच लिफाफ्यात जावा. वकिलातींजवळ २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधीही असतो. अडकलेल्यांचे तिकीट, राहणे-जेवणे, कायद्याची मदत, प्रसंगी पार्थिव मायदेशी आणणे यांचा खर्च गरजूंसाठी त्यातून होतो. तो मागावा लागतो, आपोआप चालून येत नाही.

शेवटी मागे राहिलेल्या पैशाविषयी. २०२० च्या साथीत ‘वंदे भारत’ विमानांनी परतलेल्या पुष्कळ कामगारांचे चार-सहा महिन्यांचे वेतन आणि नोकरीअखेरची रक्कम तिकडेच राहिली. विमानात बसण्याच्या घाईत त्यांनी कोणालाच कुलमुखत्यारपत्र करून दिले नव्हते, आणि तेथल्या कामगार न्यायालयात उभे राहायला माणूस उरला नाही. दूतावासातून साक्षांकित केलेले, स्थानिक भाषेत भाषांतर केलेले असे पत्र विश्वासू मित्राच्या वा वकिलाच्या नावे शांततेच्या काळातच करून ठेवता येते. सोबत पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे.

कागदांचे मोल काय असते हेही कुवेतनेच दाखविले. युद्ध संपल्यावर १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने जिनिव्हा येथे नुकसानभरपाई आयोग नेमला आणि इराकच्या तेलविक्रीतील ठराविक हिस्सा त्यासाठी बाजूला काढला. इराक वा कुवेत सोडावे लागलेल्या व्यक्तीस २,५०० डॉलर व कुटुंबास ५,००० डॉलर; अन्य दावा न करणाऱ्यांस अनुक्रमे ४,००० व ८,०००. घरसामान, बुडालेले वेतन, बँकेतील ठेवी यांसाठी निराळा वर्ग होता, त्याची मर्यादा एक लाख डॉलर. दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाच्या खास कुवेत कक्षाकडे आपल्या लोकांचे अर्ज गोळा झाले. ज्यांच्यापाशी पासपोर्टावरचा शिक्का, प्रवासाचे एखादे तिकीट, नोकरीचे पत्र होते, त्यांचा दावा सोपा झाला. सरकारे, कंपन्या आणि सामान्य माणसे मिळून आयोगाने एकंदर ५,२४० कोटी डॉलर वाटले, आणि शेवटचा हप्ता चुकता झाला तो जानेवारी २०२२ मध्ये, त्या गुरुवारनंतर एकतीस वर्षांनी.